साडेबावीस दिवसांचा बांध

हसायचं असेल तर आत्ताच थोडं हसून घ्या, कारण एकदा सांगायला लागलो की मी मधे थांबत नाही. चहा गार झाला तर जबाबदारी तुमची. फजिती माझी स्वतःची आहे, त्यामुळे तपशिलाची काळजी करू नका. दुसऱ्याची असती तर दोन-चार गोष्टी पदरच्या घातल्या असत्या.

मी मूळचा अर्धापूरचा, केळीच्या बागांत वाढलेला. नोकरी लागली ती पार उदगीरच्या पलीकडे. बाजारात भाव मराठीत सांगतात आणि घासाघीस कानडीत करतात, असं ते गाव. नाव सांगत नाही. तिथले लोक अजून कुठे भेटले की लांबूनच ओरडतात, "काय गुरुजी, झाला का बांध?" कोणता बांध, ते येईलच पुढे.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्याची हौस काय विचारता! कागद जुनेच होते. वर छापलेल्या 'उस्मानाबाद'वर पेनाने काट मारून शेजारी 'लातूर' लिहिलेलं असायचं. पण मजकूर नवा. नवा जिल्हा, नवी तपासणी, नवे तक्ते! प्रत्येक शाळेत एक आदर्श पाठ व्हायचा होता. लातूरहून साहेब येणार, वर्गात मागे खुर्ची टाकून बसणार आणि एक नवा फॉर्म भरणार. त्या फॉर्मात रकाने होते. 'पाठ घेणाऱ्याचे नाव', 'विद्यार्थ्यांचा सहभाग', 'विशेष लक्ष देण्याची गरज असलेले विद्यार्थी', वगैरे. हा फॉर्म लक्षात ठेवा बरं का.

आणि पाऊस? पावसाला नव्या जिल्ह्याचा पत्ता कुणी कळवलेलाच नव्हता. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं. बायका विहिरीत उतरून वाटीवाटीनं घागर भरायच्या. अर्धं गाव रोजगार हमीच्या सडकेवर खडी फोडत होतं आणि उरलेलं हैदराबादला बांधकामावर निघालं होतं. माझ्या सातवीच्या हजेरीतून दर सोमवारी एक-दोन नावं गळायची. मी नाव पुकारायचो आणि वर्ग एका सुरात म्हणायचा, "गेला, गुरुजी." "गेली, गुरुजी." ऐकून ऐकून माझा आवाजच बारीक होत चालला होता. पुकारायची भीती वाटायची, खरं सांगतो.

त्या वर्गात पंचशीला होती. हुशार म्हणजे किती? मी फळ्यावर गणित लिहून पूर्णविराम देईपर्यंत तिचं उत्तर वहीत पडलेलं असायचं. मग ती हाताची घडी घालून माझी वाट बघत बसायची. एप्रिलातल्या जयंतीला तिचं भाषण ठरलेलं. चार पानांचं भाषण, हातात कागद नाही, आवाज असा की लाउडस्पीकरवाल्याचं भाडं फुकट जावं.

एक दिवस मधल्या सुट्टीत तिचे वडील आले. किसनभाऊ. सडकेवरून थेट आलेले, भुवयांपर्यंत धूळ.

"गुरुजी, पोरीचा दाखला द्या. शनिवारी दुपारच्या यष्टीनं हैद्राबादला निघून राहिलो."

"अहो किसनभाऊ, कामून? सातवीची परीक्षा तोंडावर आली!"

"तिची माय बी कामावर राहणार. धाकट्याला कोण बगंल?"

"आत्या आहे ना तिची गावात? आत्याकडे ठेवा."

किसनभाऊ जरा घुटमळले. "आत्या न्हाई म्हणत न्हाई. पर ती इचारती, पोरगी खरंच शिकणारी हाय का? आसंल तर ठिवते. मला काय कळतंय त्यातलं? तुमी तर समद्याच लेकरांना हुशार म्हणता."

खरंच होतं ते. पालक दारात दिसला की मी 'हुशार आहे हो' म्हणून मोकळा व्हायचो. चार वर्षं हुशारी अशी खिरापतीसारखी वाटल्यावर, ज्या दिवशी खरी द्यायची वेळ आली, त्या दिवशी कुणाचा विश्वास बसेना.

मग मला युक्ती सुचली. सुचली नसती तर बरं झालं असतं!

"किसनभाऊ, असं करा. शनिवारी सकाळी लातूरचे साहेब येणार आहेत. तुम्ही येऊन बसा. पोरगी साहेबांपुढं कशी बोलते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पटलं तर आत्याकडे ठेवा, नाहीतर मी दाखल्यावर सही करतो."

किसनभाऊंनी विचार केला आणि मान डोलावली. "हाव. साहेबापुढं खरंखोटं निघंल." म्हणाले आणि गेले.

इथपर्यंत ठीक होतं. शहाण्या माणसानं आता काय केलं असतं? पोरीला रोजच्यासारखं एक गणित घातलं असतं आणि स्वतः गप्प बसला असता. पण मला रोजचा पाठ चालणार नव्हता. मला आदर्श पाठ पाहिजे होता!

त्याच आठवड्यात कामासाठी लातूरला गेलो होतो. गंजगोलाईजवळच्या एका दुकानात कागदांचा एक गठ्ठा दिसला. 'गणिताचे तयार पाठ'. सायक्लोस्टाइल केलेले, शाईचा वास अजून येत होता. त्यात काय नव्हतं? पाठाचं टाचण तयार. फळ्यावर काढायची चित्रं तयार. सरावाचे कागद तयार. शिक्षकानं काय बोलायचं ते तयार, आणि मुलांनी काय उत्तर द्यायचं तेही तयार!

दुकानदार म्हणाला, "घ्या गुरुजी, डोळे झाकून घ्या. लई खपून राहिलंय. कालच पाच गुरुजी घेऊन गेले."

या वाक्यानं माझ्या कानात घंटा वाजायला हवी होती. मी मात्र खूश झालो. पाच जणांनी घेतलंय म्हणजे माल चांगला असणार!

घरी येऊन व्यस्त चलनाचा पाठ उघडला. तो मला आजही तोंडपाठ आहे. तेव्हा नव्हता, हेच तर दुखणं. ऐका:

शिक्षक: १२ मजूर एक बांध १५ दिवसांत बांधतात. तर १८ मजूर तोच बांध किती दिवसांत बांधतील?

विद्यार्थी क्रमांक ३: (उत्साहाने) साडेबावीस दिवसांत!

शिक्षक: (कौतुकाने हसतात) शाबास, तू विचार केलास. पण माणसे वाढली तर काम लवकर होईल की उशिरा?

सर्व विद्यार्थी: (एका सुरात) लवकर!

आणि मग विद्यार्थी क्रमांक ५ उठून बरोबर उत्तर देतो, 'दहा दिवसांत'.

बघितलंत? चूकसुद्धा तयार! मजूर दीडपट झाले म्हणून दिवसही दीडपट करून टाकायचे, अशी ती चूक. म्हणजे मुलानं चुकायचं, मी हसायचं, प्रेमानं समजावायचं आणि साहेबानं फॉर्मात लिहायचं, 'उत्तम'. मला तर तो पाठ वाचूनच गहिवरून आलं.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. विद्यार्थी क्रमांक तीन म्हणून मी शोभाला उभं केलं. शोभाचं गणित रोजच चुकायचं, म्हटलं हिला सोपं जाईल.

"शोभा, अठरा मजूर किती दिवसांत बांधतील?"

"नऊ."

"नऊ नाही. साडेबावीस म्हणायचं."

"पर गुरुजी, नऊ येतंय."

"नऊ चूक आहे!"

"मग साडेबावीस बरोबर हाय व्हय?"

"नाही, तेही चूक आहे. पण ते म्हणायचं!"

तीन दिवस मी तिच्या मागे लागलो. काही केल्या पोरगी साडेबावीस म्हणेना. दर वेळी आपली नऊ! तिची स्वतःची चूक इतकी घट्ट होती की दुसऱ्याची चूक आत शिरायला जागाच नव्हती. नऊ कुठून येतात, हे विचारायचं मात्र मला एकदाही सुचलं नाही. मी तालमीत होतो ना!

शेवटी गुरुवारी मी हात टेकले. ठरल्या जागी, ठरल्या आवाजात, ठरलेली चूक करू शकेल अशी वर्गात एकच पोरगी होती.

"पंचशीला, तू विद्यार्थी क्रमांक तीन."

तिनं कागद वाचला. पुन्हा वाचला. मग म्हणाली, "गुरुजी, हे चूक हाय."

"माहीत आहे. तुला चुकायचंच आहे."

"कामून?"

"म्हणजे मग मला समजावून सांगता येईल."

"मग शोभीला समजावा की. तिचं रोजच चुकतंय."

आता तुम्हीच सांगा, याला काय उत्तर आहे? मी शिक्षकाचं ठेवणीतलं उत्तर दिलं. "सांगितलं तेवढं कर!"

ती हळूच म्हणाली, "पर गुरुजी, बाबा येणार हायत."

मी घाईत होतो, तरी एवढं ऐकून थबकलो. म्हटलं, "अगं, त्यांच्यासाठीच चाललंय हे सगळं! तू आधी चुकायचं, आणि शेवटी बरोबर उत्तरही तूच सांगायचं. तीन नंबर तूच आणि पाच नंबरही तूच. बाबांना शेवट बघून बरं वाटेल."

तिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी अख्खा पाठ तिला पाठ होता. तिचाच नाही, माझाही, आणि कंसांसकट!

शनिवार उजाडला. साहेब जीपमधून उतरले. वयस्कर, बारीक अंगाचे, डोळ्यावर जाड चष्मा. मी त्यांना पेलाभर पाणी दिलं. त्यांनी अर्धं प्यायलं आणि उरलेला पेला माझ्या हातात देत म्हणाले, "हे सांडू नका, कुणाला तरी द्या." तेव्हाच कळायला हवं होतं की या माणसापुढं देखावा चालणार नाही.

किसनभाऊ दाराजवळ बसले होते. धुतलेला सदरा, खांद्यावर टॉवेल. बाहेर भिंतीला टेकवून बोचकं ठेवलेलं. त्यांची मालकीण धाकट्याला घेऊन यष्टीच्या थांब्यावर जाऊन बसली होती. माझ्या टेबलाच्या खणात पंचशीलाचा दाखला लिहून तयार होता. मुख्याध्यापकाचं कामही माझ्याकडेच, त्यामुळे फक्त माझी सही राहिली होती.

पाठ सुरू झाला. मी बांधाचं चित्र काढलं, बारा मजूर काढले. बारावा जरा वाकडा आला, पण असो.

"तर मुलांनो, बारा मजूर एक बांध पंधरा दिवसांत बांधतात. तर अठरा मजूर तोच बांध किती दिवसांत बांधतील?"

पंचशीला उठली. कंसात 'उत्साहाने' लिहिलेलं होतं, आणि पोरगी सांगितलेलं काम अर्धवट करणारी नव्हती. जयंतीचा आवाज लावून तिनं जे ठोकून दिलं, "साडेबावीस दिवसांत!", त्यानं छपराचे पत्रे हलले.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. वर छताकडे बघितलं आणि हसले.

मला वाटलं, जमलं!

मग माझी नजर दाराकडे गेली. किसनभाऊ उठून उभे राहिले होते. वर्षभर सडकेवर मुकादमाच्या हाताखाली राबणारा माणूस तो. माणसं वाढली की दिवस वाढत नाहीत, एवढं त्यांना कळत होतं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी पोरीकडे एकदा बघितलं, टॉवेल झटकला आणि चपला घालून बाहेर पडले.

पंचशीलानं ते बघितलं. ती तशीच उभी राहिली. सांगितलेली चूक सांगितल्याप्रमाणे केली होती तिनं, आणि बाप उठून गेला होता.

माझ्या डोक्यात एकदम अंधार झाला. पुढचं वाक्य काय होतं? एक शब्द आठवेना! वर्ग माझ्याकडे बघतोय, साहेब माझ्याकडे बघताहेत, आणि मी हातात खडू धरून उभा.

तेवढ्यात पंचशीलानं, डोळ्यांत पाणी असतानाच, दबक्या आवाजात मला वाक्य पुरवलं. "गुरुजी… शिक्षक कौतुकाने हसतात."

आणि मी, अख्ख्या वर्गापुढं, साहेबांपुढं, छाती काढून मोठ्यानं म्हणालो, "शिक्षक कौतुकाने हसतात!"

वर्ग बिचारा तालमीत तयार झालेला. मी बोललो म्हणजे आता आपली पाळी, म्हणून सगळी मुलं एका सुरात ओरडली, "लवकर!"

मी तेच ऐकलं. लवकर! "साहेब, दोन मिनिटं!" म्हणालो आणि स्वतःचा आदर्श पाठ अर्धवट टाकून, हातात खडू तसाच धरून, वर्गाबाहेर पळालो. हसू नका. तुम्ही काय केलं असतं?

किसनभाऊ लिंबाखाली बोचकं डोक्यावर घेत होते.

"किसनभाऊ, थांबा! ती चुकली नाही. मीच तिला चुकायला सांगितलं होतं!"

त्यांनी बोचकं खाली ठेवलं. "काय म्हणलात?"

"चुकायला शिकवलं होतं मी. दोन दिवस तालीम घेतली."

"तुमी चुकायला शिकवून राहिले?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "गुरुजी, चुकायचंच आसंल तर आमी घरी बी शिकवलं आसतं की. त्याला शाळा कशाला लागती?"

"तसं नाही हो, पाठात लिहिलं होतं—"

"ऱ्हाऊ द्या. तुमी चांगले मानूस हाव. पोरीची लाज झाकून राहिले. पर माझ्या कानांनी ऐकलंय. साडेबावीस!"

म्हणजे बघा मजा. चार वर्षांत पहिल्यांदाच मी एका पालकाला पोरीबद्दल खरं बोलत होतो, आणि त्यालाच ते खोटं वाटत होतं. सही राहिलेला तो दाखला डोळ्यांपुढं आला, आणि सोमवारची हजेरी ऐकू यायला लागली. 'गेली, गुरुजी.'

मी हात जोडले. खरंच जोडले. "किसनभाऊ, एकदा चला. आत नका येऊ, खिडकीतून बघा. गणित मी घालत नाही, साहेबांना घालायला सांगतो. मग जे काय ते ठरवा. यष्टीला वेळ आहे अजून."

कसेबसे तयार झाले. आम्ही खिडकीशी आलो आणि मी आत बघितलं.

फळ्यापाशी पंचशीला उभी होती, हातात खडू. साहेब मागची खुर्ची सोडून मुलांच्या बसायच्या पट्टीवर मांडी घालून बसले होते. मी गेल्यावर काय झालं ते मला पोरांनी नंतर सांगितलं. साहेब म्हणाले, "बाळ, गुरुजी तर गेले. पुढचं येतं का तुला?" आणि पंचशीलानं विचारलं होतं, "कागदातलं सांगू का खरं?"

साहेब म्हणाले, "खरं सांग."

आता खिडकीतून मला दिसत होतं ते असं. शोभा उभी होती, आणि पंचशीला तिला विचारत होती, "तुझं नऊ कसं आलं, सांग बरं."

शोभा म्हणाली, "बारा मानसं व्हती, आता अठरा झाली. सहा वाढली. म्हणून सहा दिवस कमी केले. पंधरातून सहा गेले, नऊ."

मी खिडकीचा गज घट्ट धरला. तीन दिवस त्या पोरीच्या मागे लागलो होतो, पण 'कसं आलं' हा एक प्रश्न मला विचारता आला नव्हता!

"बरं," पंचशीला म्हणाली, "मग सत्तावीस मानसं आली तर?"

शोभानं बोटं मोजली. "पंधरा वाढली… पंधरा दिवस कमी…" आणि थांबली. "शून्य दिवस?"

"म्हणजे मानसं नुसती येऊन हुबी ऱ्हायली की बांध झाला?"

वर्ग फुटला हसून! आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल? शोभा. हसता हसताच तिनं डोक्यावर हात मारला. "आगं व्हय की! चुकलंच."

मग पंचशीलानं सांगितलं. एका माणसाचं एका दिवसाचं काम म्हणजे एक हजेरी. बारा माणसं, पंधरा दिवस, एकशेऐंशी हजेऱ्या. बांधाला लागणार तेवढ्याच. आता त्या अठरा जणांत वाटा. शोभानंच फळ्यावर भागाकार केला. दहा!

किसनभाऊ माझ्या कानाशी पुटपुटले, "हजेरी तिला कुणी शिकवली?"

"मी नाही," मी म्हणालो. पाठात तसं काही नव्हतं.

"आठवड्याला मुकादमाकडनं पैसे घिऊन आल्यावर किती हजेऱ्या झाल्या ते मी घरी सांगतो. तेच बोलून राहिली." आणि जरा वेळानं म्हणाले, "पर सत्तावीस मानसं तर आमच्या मुकादमाकडं बी हायत, गुरुजी. सडक हाय तिथंच हाय."

मला हसू आलं, आणि स्वतःची लाजही वाटली. सांगतोच आता. गठ्ठ्यातल्या कागदात एकच चूक होती, सगळ्यांसाठी एक, मापानं शिवलेली. माझ्या वर्गात पोरं दहा-वीस तऱ्हांनी चुकत होती, आणि प्रत्येकाच्या चुकीला काहीतरी कारण होतं. कुणीतरी विचारायची वाट बघत ती कारणं चार वर्षं तशीच पडून होती. मी मात्र लातूरला जाऊन चूक विकत आणली. त्या कागदांचा दोष नाही, ते कुणीतरी मन लावून लिहिले असतील. मीच ते डोळे झाकून घेतले होते.

साहेबांनी आम्हाला बघितलं. "गुरुजी, आलात का परत? या. आणि हे कोण?"

"पोरीचे वडील, साहेब."

साहेब पट्टीवरून उठले आणि किसनभाऊंपुढं येऊन उभे राहिले. "तुमची मुलगी?"

"हाव साहेब. पर पहिलं चुकली, मग बरोबर आली. मला काय उमजंना झालंय."

"ती चुकली नाही. या आठवड्यात हाच पाठ मी तीन गावांत ऐकला. तिन्ही गावांत बारा मजूर, तिन्ही गावांत साडेबावीस दिवस. दोन गावांत मी पुढचं ऐकून निमूट परत गेलो." मग ते पंचशीलाकडे वळले. "बाळ, आणखी एक सांग. चार घरांना एक हौद पाणी दहा दिवस पुरतं. पाचवं घर आलं, तर?"

"आठ दिवस," पंचशीला तत्काळ म्हणाली. मग थोडं थांबून विचारलं, "पाचव्या घरात लेकरं किती हायत, साहेब?"

साहेब किसनभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हिला हैदराबादला नेऊ नका."

किसनभाऊंनी फळ्याकडे बघितलं. मग पोरीला म्हणाले, "आत्याकडं नीट ऱ्हाशील का?"

"ऱ्हाते. बाबा, मी चुकले नव्हते."

"ठावं हाय मला. चुकले ते तुझे गुरुजी."

साहेबांसमोर! अख्ख्या सातवीसमोर! आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "हाव."

किसनभाऊ यष्टीला गेले. पंचशीला थांब्यापर्यंत जाऊन धाकट्याचा मुका घेऊन परत आली आणि आपल्या जागेवर बसली. सोमवारी मी तिचं नाव गरजेपेक्षा मोठ्यानं पुकारलं. "हजर, गुरुजी" ऐकलं आणि पुन्हा एकदा पुकारलं. पोरांना वाटलं, गुरुजींना ऐकायला कमी येतंय.

हां, फॉर्म राहिला. लक्षात ठेवा म्हणालो होतो ना?

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर ठेवून तो भरला, माझ्या हातात दिला आणि गेले. मी सावलीत जाऊन वाचला. वर 'उस्मानाबाद'वर काट, शेजारी 'लातूर'. खाली, पाठ घेणाऱ्याचे नाव: कु. पंचशीला किसन, इयत्ता सातवी. पाठाचा दर्जा: उत्तम. विद्यार्थ्यांचा सहभाग: भरपूर.

आणि त्याखाली, 'विशेष लक्ष देण्याची गरज असलेले विद्यार्थी' या रकान्यात एकच नाव. माझं! पुढे शेरा होता: 'पाठांतर कच्चे. वर्गातून न विचारता बाहेर पळतो. मात्र प्रयत्नशील आहे.'

तळाला छापलेलं होतं, 'वरील मजकूर मान्य'. खणातला तो दाखला मी आधीच फाडून टाकला होता, म्हणजे त्या दिवशी सही करण्यासारखा हा एकच कागद उरला होता. मी सही केली.